आद्य ख्रिस्ती विचारातल्या मनावरची २४ व्याख्याने

आद्य ख्रिस्ती विचारात मनाची कल्पना कशी घडत गेली, या विषयावरचा २४ व्याख्यानांचा एक श्राव्य अभ्यासक्रम मी नुकताच ऐकून संपवला. व्याख्याने इंग्रजीत आहेत, प्रत्येक साधारण पाऊण तासाचे आहे, आणि सोबत व्याख्यानांचे लिखित पाठ व एक पुस्तिका मिळते. काही तक्रारी करायच्या असल्यामुळे अभ्यासक्रम काढणाऱ्या संस्थेचे आणि व्याख्यात्या बाईंचे नाव येथे देत नाही. या विषयावरचा कोणताही अभ्यासक्रम घेण्यापूर्वी त्यात काय तपासून पाहावे, एवढे या परीक्षणातून कळले तरी पुरे.

पहिली कसोटी शब्दांची आहे. ग्रीकमध्ये नूस (ढोबळपणे मन किंवा बुद्धी), प्सिखे (जीव), प्न्यूमा (आत्मा), कार्दिया (हृदय), दियानोइया (विचारशक्ती) असे शब्द आहेत. लॅटिनमध्ये मेन्स, आनिमुस, आनिमा, स्पिरितुस आहेत. आणि या सगळ्यांच्या मागे हिब्रूतला ‘लेब’ म्हणजे हृदय हा शब्द उभा आहे. जुन्या करारात माणूस विचार करतो तो हृदयाने. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली आज्ञा देवावर हृदयाने, जिवाने आणि बळाने प्रीती करायला सांगते. तीच आज्ञा मार्काच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडी येते तेव्हा तीनाच्या जागी चार गोष्टी होतात, कारण ग्रीक बोलणाऱ्या श्रोत्यांसाठी हृदयाबरोबर दियानोइया, म्हणजे विचारशक्ती, वेगळी सांगितलेली आहे. व्याख्यात्या बाईंनी पहिले अख्खे व्याख्यान या एका वाढलेल्या शब्दावर खर्च केले आहे, आणि हा खर्च योग्य आहे. तत्त्वज्ञांच्या व्याख्यांपासून सुरुवात न करता यहुदी प्रार्थनेत रोज म्हटल्या जाणाऱ्या एका वाक्यापासून सुरुवात केल्यामुळे दोन भाषांमधला सांधा कानाला प्रत्यक्ष ऐकू येतो.

दुसरे व्याख्यान प्रेषित पौलाचे आहे आणि तेही चांगले आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याचे वचन उद्धृत करून विचारतो की प्रभूचे मन कोणी ओळखले आहे, आणि लगेच म्हणतो की आम्हांला तर ख्रिस्ताचे मन आहे. येथे त्याने वापरलेला शब्द नूस आहे; परंतु यशयाच्या मूळ हिब्रूत त्या जागी ‘रुआख’, म्हणजे वारा, श्वास, आत्मा, असा शब्द आहे. ग्रीक भाषांतरकारांनी रुआखचे नूस केले आणि पौलाने त्या भाषांतरावर आपला युक्तिवाद उभारला. त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात मात्र तो आत्मा आणि नूस यांना वेगळे काढतो: अन्य, म्हणजे स्वतःलाही न कळणाऱ्या, भाषेत प्रार्थना करताना माझा आत्मा प्रार्थना करतो, पण माझे नूस निष्फळ राहते. एकाच पत्रात एकच लेखक एकच शब्द दोन अंगांनी वापरतो, ही गोष्ट बाईंनी लपवली नाही, तिचा घाईने मेळही घातला नाही.

आता पहिली तक्रार. बाई बोलताना ग्रीक शब्द काळजीपूर्वक उच्चारतात, पण लिखित पाठ तयार करणाऱ्याने नूस, दियानोइया आणि रोमकरांस पत्रातला फ्रोनेमा (मनाचा कल) या तिन्हींसाठी मनाला असलेला एकच इंग्रजी शब्द सर्रास वापरला आहे. ऐकताना जो भेद लक्षात येतो, तो वाचताना पुसला जातो. मराठी वाचकाला याचे महत्त्व चटकन कळेल, कारण आपल्याकडे मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार हे चार शब्द वेगळे वापरण्याची जुनी सवय आहे. मन संकल्प-विकल्प करते आणि बुद्धी निश्चय करते, हे आपण शाळेत न शिकताही जाणतो. त्या हिशेबाने नूस हा मनापेक्षा बुद्धीच्या अधिक जवळचा शब्द आहे. तरीही तो सरळ बुद्धी म्हणून खपवता येत नाही, कारण सांख्यांची बुद्धी ही प्रकृतीचा भाग आणि स्वभावतः जड आहे, तर ग्रीक ख्रिस्ती लेखकांचे नूस हे माणसातले देवाच्या प्रतिमेचे स्थान आणि देवाला पाहण्याची शक्ती आहे. मराठी बायबलात ‘मनाच्या नवीकरणाने’ असे जेथे आपण वाचतो तेथे पौलाचा शब्द नूस आहे, आणि ‘पश्चात्ताप’ असे जेथे वाचतो तेथे मूळ शब्द मेतानोइया, म्हणजे नूसच पालटणे, असा आहे. पश्चात्तापात ताप आहे, मेतानोइयात तो असेलच असे नाही. इतक्या अडचणीच्या शब्दाला लिखित पाठात एकाच साच्यात ओतणे हे निष्काळजीपणाचे लक्षण आहे. मी सहाव्या व्याख्यानापासून लिखित पाठ बाजूला ठेवला आणि नुसते ऐकले.

अलेक्झांड्रियावरची तीन व्याख्याने मध्यम प्रतीची आहेत. फिलो हा ख्रिस्ती नव्हता, तो येशूचा समकालीन यहुदी होता. पण माणसातले नूस हे दैवी लोगोस, म्हणजे देवाचा शब्द किंवा विवेक, याच्या नमुन्यावर घडले आहे ही त्याची मांडणी ख्रिस्ती लेखकांनी उचलली, एवढे सांगून बाई पुढे सरकतात. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ऑरिजेन याच्यापाशी मात्र त्यांचा आवाज बदलतो. आरंभी सगळी बुद्धिमान सत्त्वे देवाच्या चिंतनात तल्लीन होती, मग त्यांची ऊब कमी झाली आणि थंडावलेले नूस तेच प्सिखे, म्हणजे जीव, झाले, अशी ऑरिजेनची कल्पना आहे. तिला तो ‘प्सिखे’ या शब्दाच्या थंडीशी असलेल्या ध्वनिसाम्याचा आधार देतो. एकच जीव थंड झाला नाही, तो येशूचा, आणि तो लोगोसशी असा एकरूप राहिला जसे आगीतले लोखंड आगीसारखेच होते. ही प्रतिमा ऐकली की पुढच्या चार शतकांचे वाद कोठून निघाले ते समजते. बाईंचा प्रामाणिकपणा असा की ही कल्पना मांडणारा ऑरिजेनचा ग्रंथ संपूर्ण स्वरूपात फक्त रुफिनसच्या लॅटिन भाषांतरातून आपल्यापर्यंत आला आहे आणि रुफिनसने त्यातली अडचणीची ठिकाणे मवाळ केली आहेत, हे त्या वारंवार आठवण करून देतात. ‘ऑरिजेन म्हणतो’ आणि ‘रुफिनसचा ऑरिजेन म्हणतो’ असा फरक श्राव्य माध्यमात सांभाळणे कठीण असते.

तेर्तुलियनवर मात्र अन्याय झाला आहे. कार्थेजच्या या लॅटिन लेखकाने तिसऱ्या शतकाच्या आरंभी आत्म्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात आत्मा हा सूक्ष्म असला तरी शरीरच आहे, असे ठासून मांडले. आपल्या मंडळीतल्या एका भगिनीला दर्शनात दिसलेला आत्मा मऊ, प्रकाशमान, हवेच्या रंगाचा आणि मानवी आकाराचा होता, अशी साक्षही तो काढतो. त्याच्या मते मन ही आत्म्यापासून वेगळी वस्तू नाही. ते आत्म्याचे एक कार्य आहे, आणि त्याचे अधिष्ठान हृदयात आहे. प्लेटोच्या छायेत वाढलेल्या अलेक्झांड्रियाच्या अगदी उलट बाजूची ही भूमिका होती, आणि त्यामागे स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांचे व वैद्यांचे वाचन होते. त्याला अर्धेसुद्धा व्याख्यान मिळालेले नाही, आणि जे मिळाले आहे त्यात तो जवळजवळ विनोदी पात्र म्हणून येतो. मला वाटते की आद्य ख्रिस्ती विचारात मन म्हणजे नेहमीच अशरीरी काही तरी होते, असा सोयीचा समज टिकवण्यासाठी त्याला असा कोपऱ्यात बसवण्याची प्रथाच पडली आहे.

याची थोडी भरपाई निस्साचा ग्रेगरी आणि एमेसाचा नेमेसिअस यांच्यावरच्या दोन व्याख्यानांनी होते. मन हृदयात की मेंदूत, हा वाद तेव्हा वैद्यांमध्ये जुना झाला होता. स्टोइक हृदयाच्या बाजूने होते आणि दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन मेंदूच्या बाजूने. ३७९च्या सुमारास माणसाच्या घडणीवर लिहिताना ग्रेगरी दोन्ही बाजूंचे पुरावे मांडतो आणि मग म्हणतो की मन कोणत्याही एका अवयवात कोंडलेले नाही. ते वादकासारखे साऱ्या शरीराशी जोडलेले असते आणि वाद्य बिघडले तर वादकाची कला दिसेनाशी होते. पुढे जाऊन तो असे म्हणतो की देव अगम्य आहे आणि मन ही देवाची प्रतिमा आहे, म्हणून मन स्वतःलाही अगम्य असणारच. हे वाक्य मी थांबवून पुन्हा ऐकले. अगम्यतेला उणीव न मानता साम्याचा पुरावा मानणारी ही चाल विलक्षण आहे. नेमेसिअसची दिशा अगदी वेगळी आहे: चौथ्या शतकाच्या अखेरीच्या या बिशपने मेंदूच्या पोकळ्यांमध्ये कामे वाटून दिली, पुढे कल्पना, मध्ये विचार आणि मागे स्मृती, आणि त्यासाठी कोणत्या भागाला इजा झाली की काय बिघडते याचा दाखला दिला. हे दोघे शेजारी ठेवल्यामुळे ‘ख्रिस्ती दृष्टिकोन’ असा एकवचनी शब्द वापरणे अवघड होते, आणि ते तसे व्हायलाच हवे होते. ग्रेगरीची थोरली बहीण मक्रीना ही त्याच्या आत्म्यावरच्या संवादात गुरूच्या जागी बसते, मरणशय्येवरून भावाच्या शंकांना उत्तरे देते. तिच्यासाठी दिलेली दहा मिनिटे फारच थोडी वाटली.

अपोलिनारिसचा वाद हा अभ्यासक्रमाचा पहिला कळस आहे. लाओदिकेयाच्या या बिशपला ख्रिस्तात दोन मने मानणे अशक्य वाटत होते. मानवी नूस चंचल आणि पापाला बळी पडणारे, म्हणून ख्रिस्ताच्या ठिकाणी त्या जागी स्वतः लोगोस होता, असे तो म्हणत असे. वरवर पाहता यात देवाचा सन्मानच दिसतो. नाझिआन्झसच्या ग्रेगरीने क्लेदोनिअसला लिहिलेल्या पत्रात त्याला जे उत्तर दिले ते असे, की जे स्वीकारले गेले नाही ते बरेही झाले नाही. माणसात सर्वांत आधी आजारी पडले ते नूसच. मग तेच वगळून वैद्याने बाकीचा देह बरा केला तर उपयोग काय? नूसविरहित माणसावर भरवसा ठेवणारा स्वतःच नूसविरहित आहे, अशी कोटीही तो करतो, आणि बाईंनी ती ग्रीकमध्ये वाचून दाखवली आहे. ३८१च्या कॉन्स्टॅन्टिनोपल परिषदेने अपोलिनारिसचे मत नाकारले. मनाला ख्रिस्ती विचारात एवढे वजन का मिळाले, हे या एका व्याख्यानातून जितके कळते तितके बाकीच्या कोणत्याही व्याख्यानातून कळत नाही, कारण येथे मन हा कुतूहलाचा विषय राहत नाही, तो तारणाच्या हिशेबातला रकाना होतो.

त्यानंतर एव्हाग्रिअस. पाँतसचा हा बुद्धिमान डीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा धर्मसेवक, कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये वादपटू म्हणून गाजत असताना एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडला, तेथून जेरुसलेमला पळाला, आजारी पडला, आणि थोरली मेलानिया हिच्या सांगण्यावरून ३८३च्या सुमारास इजिप्तच्या वाळवंटात गेला. नित्रियात दोन वर्षे आणि केल्लियात चौदा वर्षे काढून तो ३९९मध्ये वारला. त्याच्यावर चार व्याख्याने आहेत आणि चारही उत्तम आहेत. वाळवंटात बायको, व्यापार, दरबार यांपैकी काहीच समोर नसते. समोर येतात ते लोगिस्मोई, म्हणजे त्या गोष्टींचे विचार. एव्हाग्रिअस त्यांचे आठ प्रकार करतो: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, विषाद, क्रोध, आकेदिया (साधनेचा कंटाळा, मरगळ), पोकळ प्रतिष्ठेची हाव आणि गर्व. हे विचार येऊन आपल्याला छळतात की नाही हे आपल्या हाती नाही, पण ते आत रेंगाळतात की नाही हे आपल्या हाती आहे, असे त्याचे म्हणणे आहे. पापाची रेषा त्याने विचार येण्यावर ओढली नाही, त्याला बसायला आसन देण्यावर ओढली. शिवाय तो साधकाला निरीक्षण करायला सांगतो: कोणता विचार तीव्र, कोणता मंद, कोणता कशाच्या पाठोपाठ येतो, कोणता कशाबरोबर येत नाही.

आकेदियाचे वर्णन बाईंनी पूर्ण वाचले आहे. हा दैत्य दिवसाच्या चौथ्या तासापासून आठव्यापर्यंत, म्हणजे सकाळी दहा ते दुपारी दोनच्या सुमारास, संन्याशाला गाठतो. सूर्य हलेनासा वाटतो, दिवस पन्नास तासांचा वाटतो. नजर सारखी खिडकीकडे जाते, पाय खोलीबाहेर निघतात, जेवणाचा नववा तास किती लांब आहे ते पाहिले जाते, कोणी बंधू येताना दिसतो का याचा शोध घेतला जातो. मग जागेचा कंटाळा, हातातल्या कामाचा कंटाळा, आणि शेवटी आता कोणालाच आपली पर्वा राहिलेली नाही अशी खात्री. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण ऐकताना मला थोडे ओशाळल्यासारखे झाले, कारण त्या वेळी मी व्याख्यान संपायला किती मिनिटे उरली आहेत तेच पाहत होतो.

या चार व्याख्यानांचे खरे मोल असे की एव्हाग्रिअसला केवळ मानसशास्त्राचा पूर्वज म्हणून विकलेले नाही. विचारांवर पहारा ठेवणे ही त्याच्या दृष्टीने फक्त पहिली पायरी आहे. तिच्यातून अपाथेया, म्हणजे विकारांपासून मोकळीक, येते. तिच्यातून प्रेम निपजते. आणि मग नूस प्रार्थनेत स्वतःला नीलमण्यासारखे, आकाशाच्या रंगाचे पाहते. येथे त्याला ‘निर्गम’ या जुन्या करारातल्या पुस्तकातले देवाच्या पायांखालचे नीलमण्याचे फरसबंदीचे दृश्य आठवते. प्रार्थनेच्या वेळी देवाला कोणताही आकार देऊ नये आणि नूसवर कोणत्याही रूपाचा ठसा उमटू देऊ नये, अशी त्याची सक्त ताकीद आहे. ५५३च्या सुमारास ऑरिजेनबरोबर त्याच्या मतांचाही धिक्कार झाला, त्यामुळे त्याचे काही लेखन सिरियाक आणि आर्मेनियन भाषांतरांत टिकले आणि प्रार्थनेवरचे ग्रीक लेखन निलस या दुसऱ्या संन्याशाच्या नावाखाली फिरत राहिले. त्याचे आठ विचार कासियन या संन्यासी लेखकाने लॅटिनमध्ये नेले आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोरल्या ग्रेगरीने त्यांची फेरमांडणी केली, ज्यातून सात मुख्य पापांची परिचित यादी निघाली. ‘विचार’ होते त्यांची ‘पापे’ कशी झाली, या बदलावर बाईंनी अधिक बोलायला हवे होते. कासियनच्या जात्याचे उदाहरण मात्र त्या विसरत नाहीत: पाण्याच्या लोटाने फिरणारे जाते थांबवता येत नाही, पण त्यात गहू टाकायचा की तण हे मालकाच्या हाती असते.

लॅटिन ख्रिस्ती लेखक ऑगस्टीन याच्यावर सहा व्याख्याने आहेत आणि त्यांतली दोन तरी कमी करता आली असती. मन हाताला हलायला सांगते तेव्हा हात इतक्या सहज हलतो की आज्ञा आणि पालन वेगळे काढता येत नाहीत, पण मन मनालाच आज्ञा करते तेव्हा विरोध होतो, हा त्याचा अचंबा. स्मृती हे जणू मनाचे पोट आहे, त्यात सुखदुःखे साठतात पण त्यांची चव लागत नाही, ही त्याची थोडी अवघडून दिलेली उपमा. आणि स्मृती, आकलन व इच्छा या त्रयीत त्याने शोधलेली त्रिएक देवाची प्रतिमा, एवढे सगळे नीट समजावले आहे. परंतु संशय घेणारा निदान आपण जगतो आहोत हे जाणतो, या त्याच्या मुद्द्यापाशी आल्यावर सबंध दीड व्याख्यान १७व्या शतकातला तत्त्वज्ञ देकार्त याच्याकडे वळते आणि ऑगस्टीन जणू त्याच्या स्वागतासाठी ताटकळत उभा होता असे वाटू लागते. देकार्तला त्या निश्चितीवर ज्ञान उभे करायचे होते. ऑगस्टीनला मन स्वतःला हरवल्यासारखे का शोधते, हे विचारायचे होते, कारण जे स्वतःपासून कधी दूर गेलेच नाही ते शोधायचे कसे? हा प्रश्न देकार्तच्या गर्दीत दबून जातो. याच वेळात माकारिओसच्या नावाने चालणारी प्रवचने आली असती, ज्यांत हृदय हे लहानसे पात्र असूनही त्यात अजगर आणि सिंह आहेत, तसाच देव आणि देवदूतही आहेत, आणि नूस त्याच हृदयात वसते. पहिल्या व्याख्यानातला ‘लेब’ तेथे ग्रीक पोशाखात परत भेटला असता. सिरियाक परंपरेला तर एकही स्वतंत्र व्याख्यान नाही.

सेवेविषयी थोडक्यात. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. पुस्तिकेतला कालपट उपयोगी आहे, मात्र दोन्ही ग्रेगरींच्या नोंदी एकदा अदलाबदल झाल्या आहेत. प्रश्न पाठवण्याची सोय जाहिरातीत आहे. मी अपोलिनारिसविषयी पाठवलेल्या प्रश्नाला तीन आठवड्यांनी पुस्तिकेतला परिच्छेद जसाच्या तसा उत्तर म्हणून आला. लिखित पाठातल्या चुका कळवल्या, त्याची पोच मिळाली, दुरुस्ती झालेली नाही.

नमुना म्हणून संस्थेने देकार्तवाले व्याख्यान विनामूल्य ठेवले आहे, आणि ते ऐकून कोणी पाठ फिरवली तर त्याला दोष देता येणार नाही. नमुना ठेवायचाच तर पंधरावे ठेवावे. त्यात ३९९चा प्रसंग आहे: देवाला मानवी आकार नाही असे बजावणारे अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस याचे पत्र वाळवंटात पोहोचते, सारापिओन या वृद्ध संन्याशाला ते समजावून पटवले जाते, आणि सगळे प्रार्थनेला उभे राहतात तेव्हा आयुष्यभर ज्या रूपापुढे प्रार्थना केली ते मनात सापडेना म्हणून तो म्हातारा जमिनीवर पडून रडतो की त्यांनी माझा देव नेला, आता धरायला कोणी नाही, कोणाची उपासना करू ते कळत नाही. एव्हाग्रिअसच्या निराकार प्रार्थनेवर तीन व्याख्याने भारावून बोललेल्या बाई हा उतारा वाचतात आणि त्यावर एकही टिप्पणी न करता ध्वनिमुद्रण संपवतात.